मंदीच्या वर्षांतील प्रवेश-अर्ज



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून समाजाच्या प्रश्नांचा विचार करावा, ही चाल महाराष्ट्रात रूढ झाली. आमच्या पिंपरी-चिंचवडकडे मात्र वसंत ऋतू आणखी एक काळजी बरोबर घेऊन येतो. दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि घरोघरी एकच विषय चाललेला असतो: पोराला कुठे घालायचे? पुढे पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांत आकडे झळकू लागतात. अमुक अभ्यासक्रमाचे अर्ज वाढले, तमुक शाखेच्या जागा रिकाम्या राहिल्या. त्या वर्षी कारखान्यांत मंदी असली, तर अर्ज वाढल्याचे पाहून कोणी म्हणतो, 'पाहा, लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटले.' घटल्याचे पाहून दुसरा म्हणतो, 'लोकांची शिक्षणावरची श्रद्धा उडाली.' माझे म्हणणे असे की, ही दोन्ही अनुमाने घाईची आहेत.

अर्ज हा इच्छेचा आकडा होय. प्रवेश हा ऐपतीचा आकडा होय. आणि दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर नाव राहणे हा टिकावाचा आकडा होय. सुकाळात हे तीन आकडे एकमेकांच्या जवळपास चालतात. मंदीत ते एकमेकांपासून दूर पळतात. म्हणून मंदीच्या वर्षी केवळ अर्ज मोजणारा मनुष्य, पेरणी पाहूनच पिकाचा अंदाज सांगणाऱ्यासारखा फसतो.

मंदी घराला दोन बाजूंनी ओढते. एक ओढ कॉलेजाकडे असते. बाहेर नोकरी मिळत नसेल, तर मुलाला घरी बसवून काय मिळणार? त्यापेक्षा तो शिकलेला बरा. नोकरी मिळत असती तर शिकण्यापायी जी मजुरी बुडाली असती, ती मंदीत बुडत नाही. त्या अर्थाने शिक्षण स्वस्त होते. दुसरी ओढ उलट दिशेची असते. बापाचा ओव्हरटाइम बंद झालेला असतो, आईचे काम सुटलेले असते, आणि फी भरायला घरात पैसा नसतो. पहिली ओढ जिंकते की दुसरी, हे मुलाच्या बुद्धीवर ठरत नाही. ते त्या समाजाने फीचा भार कोणाच्या खांद्यावर ठेवला आहे, ह्यावर ठरते.

ह्याचा पुरावा थोडा बाहेर पाहिला तर मिळतो. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लक्षावधी माणसे बेकार झाली. पण त्याच दशकात माध्यमिक शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे २९ वरून ५० च्या आसपास गेले. माध्यमिक शाळा फुकट होती आणि पोरवयाच्या मुलांना काम देणारे कोणी उरले नव्हते. २००८ च्या अरिष्टातही तेच दिसले. २००७ साली तेथील महाविद्यालयांत सुमारे १ कोटी ८२ लाख विद्यार्थी होते, ते २०१० साली २ कोटी १० लाखांवर गेले. येथे फुकट शिक्षण नव्हते, परंतु सरकारी मदत आणि कर्ज हाताशी होते. आणि २०२० च्या महामारीत? बेकारी त्याहून भयंकर असूनही, ज्या दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत गरीब घरची मुले जातात, तेथील नोंदणी सुमारे दहा टक्क्यांनी घटली. देश तोच, मंदी मंदीच. परंतु घरातली अडचण निराळी, म्हणून आकडाही निराळा.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांच्या शेतांत कारखान्यांची धुराडी उभी राहू लागली. १९७० साली ही चार गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. ह्या कारखान्यांना हात हवे होते आणि हातांना शिक्षण हवे होते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे; शासकीय तंत्रनिकेतन १९५७ चे; आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस देशात अभियांत्रिकी पदवीच्या वार्षिक जागा सुमारे २५ हजार आणि पदविकेच्या सुमारे ५० हजार झाल्या होत्या. अभियंता म्हणजे नव्या भारताचा शिल्पकार, असा तो काळ होता.

आणि नेमकी तेव्हाच मंदी आली. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. चौथी पंचवार्षिक योजना पुढे ढकलली गेली आणि १९६९ पर्यंत वार्षिक योजनांवर भागवावे लागले. सरकारी भांडवली खर्च आटला, तसा यंत्रे आणि वाघिणी बनविणाऱ्या कारखान्यांचा धंदा बसला. ज्या अभियंत्यांना दोन वर्षांपूर्वी बोलावून नोकऱ्या दिल्या जात होत्या, ते सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले. ह्यावर १९६८ साली सरकारने उपाय केला तो असा की, अभियांत्रिकीचे प्रवेशच कमी करण्यात आले. तापमापक फोडला म्हणजे ताप उतरतो, अशी ही समजूत होती.

ह्याच सुमारास ब्लॉग, लेयार्ड आणि वुडहॉल ह्या तीन अभ्यासकांनी भारतातील सुशिक्षित बेकारीचा शोध घेतला. त्यांचा ग्रंथ १९६९ साली निघाला. बेकार पदवीधरांची एवढी ओरड असताना आईबाप मुलांना कॉलेजात का पाठवितात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर साधे होते. मॅट्रिक होऊन थांबणाऱ्याची स्थिती पदवीधरापेक्षाही वाईट होती. तेव्हा कॉलेजात जाणारा मुलगा मूर्खपणा करीत नव्हता. वाईट आणि अधिक वाईट ह्यांतून तो वाईटाची निवड करीत होता. मंदीतील अर्जांच्या गर्दीला उत्साह म्हणण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुष्कळदा ती आशेची रांग नसते, आडोशाची रांग असते.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू समजावून घेण्यास ग्रंथ लागत नाही, चाकणचा बाजार पुरतो. मोटारींच्या कारखान्यांआधी चाकण ओळखले जाई ते कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी. खेड तालुक्यातल्या कोणाही शेतकऱ्याला विचारा. एका वर्षी कांद्याला भाव आला की पुढच्या वर्षी ज्याच्या-त्याच्या वावरात कांदा. काढणीला सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव मातीत जातो. मग तिसऱ्या वर्षी कोणी कांदा लावीत नाही, आणि नेमका त्या वर्षी भाव चढतो. लागवडीला दिसतो तो आजचा भाव, आणि हातात पडतो तो काढणीचा. कॉलेज-प्रवेशाचे असेच आहे. फरक इतकाच की, कांदा चार महिन्यांचा आणि अभियंता चार वर्षांचा. आणि कांदा बुडाला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो, मुलाची चार वर्षे पुन्हा लावता येत नाहीत. रिचर्ड फ्रीमन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या बाजाराचे असेच चक्र दाखवून दिले. आमच्या शेतकऱ्याला ते आधीच ठाऊक होते.

हिशेब करून पाहा. २००१ च्या सुमारास संगणक-उद्योगाला जगभर ओहोटी लागली होती. त्या भीतीच्या दिवसांत ज्याने धीर धरून प्रवेश घेतला, तो २००५ साली बाहेर पडला, तेव्हा हिंजवडीत माणसे मिळत नव्हती. २००५ ची तेजी पाहून जो आत गेला, तो २००९ साली जागतिक मंदीच्या तोंडी बाहेर आला. २००८-०९ ह्या वर्षात देशातील व्यापारी वाहनांचा खप सुमारे एकपंचमांशाने घटला होता, आणि आपल्या पट्ट्यात ट्रक आणि त्याचे सुटे भाग ह्यांवर किती चुली पेटतात, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. गंमत अशी की, त्याच मंदीत, ३१ मार्च २००९ रोजी, चाकणला फोक्सवागेनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. म्हणजे मंदीच्या वर्षी पुढच्या तेजीची पायाभरणी चाललेली असते; पण प्रवेशाच्या रांगेतल्या बापाला ती दिसत नाही, त्याला बंद पडलेली शिफ्ट दिसते. पुढे २०१६ ला आत गेलेला २०२० च्या टाळेबंदीत बाहेर पडला. २०२० नंतर सारा लोंढा संगणकशाखेकडे वळला, यंत्र आणि स्थापत्य ह्या शाखा मागे पडल्या. आणि ती तुकडी २०२४ ला बाहेर आली, तेव्हा त्या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी भरतीचा हात आखडता घेतला होता.

मधल्या काळात फीचा भार कोणावर ठेवावयाचा, हा प्रश्नच बदलून गेला होता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे त्या पिढीतल्या कित्येक शेतकऱ्या-कामगारांच्या घरांत आशीर्वादासारखी उच्चारली जात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून जी कुटुंबे पोटासाठी ह्या पट्ट्यात आली, त्यांच्यापैकी अनेकांची मुले अशा सवलतींच्या आधारानेच शिकली. नंतर १९८३ साली वसंतदादा पाटील ह्यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ह्या निर्णयाने जागा वाढल्या हे खरे. ज्यांना पूर्वी गुणांच्या शर्यतीत दारातूनच परतावे लागे, त्यांना दार उघडले हेही खरे. परंतु फीचा भार सरकारच्या खांद्यावरून कुटुंबाच्या खांद्यावर आला, आणि तेव्हापासून कारखान्यातील मंदी थेट कॉलेजच्या फी-खिडकीपर्यंत पोहोचू लागली.

जागांची ही लाट पुढे इतकी चढली की, २०१४-१५ साली देशात पदवी, पदविका आणि पदव्युत्तर मिळून अभियांत्रिकीच्या सुमारे ३२ लाख जागा झाल्या. मग ओहोटी लागली. २०२१-२२ साली त्या सुमारे २३ लाखांवर आल्या. २०२० पासून काही वर्षे नव्या महाविद्यालयांना परवानगी देणेच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने थांबविले. १९६८ साली जे हुकमाने झाले, ते ह्या वेळी आधी रिकाम्या बाकांनी केले आणि हुकूम मागाहून निघाला. जमीन तीच, कांदाही तोच.

आता कामगाराच्या घरात शिरून पाहू. मंदीत तो शिक्षण सोडीत नाही, तर शिक्षण कापून बेतास बसवितो. बारावी आणि पदवीऐवजी दहावीनंतर तीन वर्षांची पदविका. तीही न झेपली तर आय.टी.आय. हे मी कमीपणाने बोलत नाही. ह्या पट्ट्याचे कारखाने आय.टी.आय.च्या फिटर-टर्नरांनी उभे केले आहेत. पदविकेचा मार्ग तर शहाणपणाचा आहे. तीन वर्षांनी नोकरी असेल तर नोकरी, नसेल तर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एका तिकिटात दोन गावे. २०२० नंतर महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांकडे पुन्हा ओढा वाढला, त्यामागे हा हिशेब नक्कीच आहे. परंतु मुलाने आवडीने पदविका निवडणे वेगळे आणि बापाच्या पगारपत्रकाने ती निवडणे वेगळे. प्रवेशाच्या आकड्यात दोन्ही सारखेच मोजले जातात.

आणि घरात दोन मुले असली, फी एकाचीच निघत असली, तर थांबावयास कोणाला सांगितले जाते? बहुतेक वेळा मुलीला. 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू,' एवढेच शब्द असतात आणि ते पुढचे वर्ष येत नाही. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या आणि ठरविलेल्या प्रवर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. मंदीच्या वर्षी ह्या निर्णयाची किंमत कळेल. मात्र वसतिगृह, प्रवास आणि पुस्तके ह्यांना माफी नसते, हेही विसरून चालणार नाही.

कामगाराच्या मिळकतीत मंदी कशी शिरते, हे संघटनेच्या कामातल्या माणसाला पायरीपायरीने दिसते. प्रथम ओव्हरटाइम जातो. वर्षाची फी बहुधा त्यातूनच निघत असते. मग आठवड्यातला एखादा दिवस कारखाना बंद राहू लागतो. मग ले-ऑफ. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता ह्यांच्या निम्मी भरपाई ठरली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तेच प्रमाण ठेवले आहे. पगार निम्मा होतो. फी निम्मी होत नाही. शिवाय ही निम्मी भरपाईसुद्धा वर्षभर सलग सेवा झालेल्यांना. बदली आणि कॅज्युअल कामगार तीत बसत नाहीत, आणि कंत्राटी कामगाराला तर ले-ऑफ मिळतच नाही, त्याला फक्त 'उद्यापासून येऊ नका' एवढेच मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये देशातील प्रवासी मोटारींचा खप आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षा ३० टक्क्यांहून अधिक घसरला. त्या हंगामात चाकण-भोसरीच्या लहान पुरवठादारांकडून पहिल्याने घरी गेले ते हेच कामगार. आणि ऑगस्ट म्हणजे प्रवेशाची फी भरण्याचे दिवस.

तिथीचा हा मुद्दा मोठा आहे. फी पावसाळ्यात भरावयाची, बोनस दिवाळीला मिळावयाचा आणि शिष्यवृत्तीची रक्कम त्याच्याही मागून यावयाची. मधले महिने पतपेढीच्या कर्जावर, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेवर, नाही तर बायकोच्या गळ्यातल्या डोरल्यावर निघतात. मला विचाराल तर, कोणत्या वर्षी शिक्षण महाग पडले हे विद्यापीठाच्या आकड्यांपेक्षा कामगारांच्या पतपेढीची जून-जुलैची कर्जवही अधिक खरे सांगते. ज्याच्याजवळ रोकड असते तो हंगामाच्या सुरुवातीलाच निश्चिंत होतो. ज्याच्याजवळ नसते तो शेवटच्या फेरीपर्यंत वाट पाहतो आणि उरलेले घेतो. अमेरिकेतही काही महाविद्यालये नोव्हेंबरातच बांधिलकीचे अर्ज घेतात. आर्थिक मदतीची तुलना करण्यापूर्वीच विद्यार्थ्याने शब्द द्यावयाचा असतो. साहजिकच तेथे पैशाची ददात नसलेला पुढे आणि गरजू मागे राहतो. म्हणून सुरुवातीच्या अर्जांवरून साऱ्या समाजाची प्रकृती ओळखू नये. आधी येणारे अर्ज हे आधी पैसा असणाऱ्यांचे असतात.

२०२० साली ह्या सगळ्याची कसोटी लागली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी झाली. अभियांत्रिकीची सामाईक प्रवेश परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबली, प्रवेशाचे काम पुढचे वर्ष उजाडेपर्यंत चालले. त्या आठ-नऊ महिन्यांत कित्येक मुलांनी हाताला मिळेल ते काम धरले: कोणी घरपोच सामान पोचवू लागला, कोणी गोदामात लागला. त्यांची नावे अर्जांच्या यादीत होती. आकड्याने पाहिले तर ते विद्यार्थीच होते.

मग करावे काय? माझ्याकडे जादूची कांडी नाही. परंतु तीन गोष्टी ह्या शहराच्या आवाक्यातल्या आहेत. पहिली, मोजणी बदलावी. महाविद्यालयांनी अर्ज आणि प्रवेश जाहीर करावे, तसेच पहिल्या वर्षातून दुसऱ्यात किती पोहोचले आणि किती फीपायी गळाले, तेही जाहीर करावे. दुसरी, फीचा हप्ता कामगाराच्या मिळकतीच्या पंचांगाशी जुळवावा. ज्या घरी ले-ऑफ आहे त्या घरच्या मुलाला बोनसपर्यंत मुदत मिळावी, आणि वेतनकराराच्या बैठकीत संघटनांनी हा विषय पगारवाढीइतक्याच अगत्याने मांडावा. तिसरी, शिकणे आणि कमावणे ह्यांची सांगड प्रामाणिकपणे घालावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याचा मार्ग दाखविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. दोघांनीही कामाला शिक्षणाची शिडी केले. आज मात्र 'कमवा आणि शिका' ह्या नावाखाली मुलाला वर्षानुवर्षे एकाच मशीनवर उभे केले जाते आणि शिकण्याचा भाग कागदावर राहतो, असेही प्रकार होतात. अशा ठिकाणी शिडीचे जोखड होते. शिकाऊ उमेदवाराला कामगार म्हणावयाचे नाही आणि विद्यार्थीही मानावयाचे नाही, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे.

आईबापांना सांगणे एवढेच की, मंदीच्या वर्षी शेजाऱ्याची लागवड पाहून आपले वावर नांगरू नये. आज ज्या शाखेतून सगळे पळताहेत, तिची काढणी चार वर्षांनी आहे. मुलाचा कल, त्याचे हात आणि त्याची चिकाटी पाहून निवड करावी. बाजारभाव पाहून करू नये, कारण तो भाव तोपर्यंत राहणार नाही.

मंदी येते आणि जाते. १९६६ ची गेली, २००८ ची गेली, २०२० चीही गेली. पुढचीही येईल आणि जाईल. कारखाने पुन्हा चालू होतात, रात्रपाळीचे भोंगे पुन्हा होतात. परंतु त्या एका पावसाळ्यात ज्या मुलीचे नाव हजेरीपटावरून उतरले, ते तेजी आली म्हणून आपोआप परत चढत नाही. ती नावे मोजावयास ह्या नगरीने आता शिकले पाहिजे.